अंधाऱ्या खोलीतले काजवे

तिला सगळे तंद्री म्हणत. कागदोपत्री तिला चांगलं तीन अक्षरी नाव होतं, पण शाळेच्या हजेरीपटापलीकडे ते कुणी फारसं वापरलं नाही. हजेरी घेतानाही ते दोनदा पुकारावं लागे, कारण पहिल्या वेळी ती खिडकीतून बाहेर गेलेली असायची. म्हणजे देहाने नव्हे, बाकी सगळी. बाकावरची मुलगी हातात पेन धरून गालात हसत असायची, आणि कशाला हसतेस म्हणून विचारलं तर तिचं तिलाच आठवायचं नाही. अशा पोरीला जगात कोण काम देणार, ही तिच्या बाबांची काळजी. पण तिला नेमकं तिच्याजोगं काम मिळालं. अंधारात उभं राहून अंड्यांच्या आरपार बघण्याचं.

शहर जिथे संपत येतं तिथे, जुन्या टायरांच्या दुकानामागे, एक हॅचरी होती. पत्र्याचं छप्पर, लांबट हॉल, आणि हॉलमध्ये दोन मशिनं. मोठ्या मशिनात अंडी अठरा दिवस उबवायची आणि धाकट्या मशिनात शेवटचे तीन दिवस ठेवून पिल्लं काढायची. मशिनांची घरघर दिवसभर चालू असे, आणि ती इतकी एकसुरी होती की नवीन माणसाला तासाभरात जांभया येत. हॉलच्या टोकाला पूर्वी झाडू-बादल्या ठेवायची एक खोली होती. तिच्या खिडकीला काळा कागद चिकटवला होता, आत एक टेबल, टेबलावर लाकडी खोका, खोक्यात दिवा आणि खोक्याच्या वरच्या बाजूला रुपयाएवढं भोक. त्या भोकावर अंडं धरलं की अंडं आतून उजळायचं.

रिकामं अंडं नुसतंच पिवळं दिसे. मेलेल्या अंड्यात तांबडं कडं दिसे, जणू कुणी कपबशीचा डाग ठेवून गेलंय. आणि जिवंत अंड्यात केसाहून बारीक लाल धागे पसरलेले दिसत, मधोमध एक काळा ठिपका, आणि नीट श्वास रोखून पाहिलं तर तो ठिपका हलायचा. एका सकाळी नऊशे अंडी. तिच्याआधी या कामावर आलेल्या दोघी आठवड्यात कंटाळून गेल्या होत्या. हिला मात्र जेवणाच्या वेळी हाताला धरून बाहेर काढावं लागे, आणि उन्हात आल्यावर ती डोळे मिचकावत असा चेहरा करायची की कुठे आणलंत मला.

हॅचरीच्या मालकिणीला सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई उंचीने बेताच्या, पण आवाज असा की टायरवाला आपल्या दुकानात सावरून बसायचा. तीस वर्षं त्यांनी पिल्लं काढली होती आणि त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या गोष्टींचे नियम ठरलेले होते. पहिले अठरा दिवस अंडी दिवसातून तीनदा फिरवायची, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. अठराव्या दिवशी फिरवणं बंद. मग तीन दिवस मशिनाचं दार उघडायचं नाही, साक्षात देव पाहुणा आला तरी उघडायचं नाही, आतला ओलावा गेला तर पिल्लं आतल्या आत सुकतात. "शेवटी ते शांत होतं," बाई सांगत. "आपण हात लावायचा नाही. आपण फक्त थांबायचं." तंद्रीला बाकी नियम पाठ करावे लागले. हा मात्र ऐकताक्षणी आवडला. काही न करता थांबणं तिला जन्मापासून येत होतं.

आता त्या मुलाविषयी. तो पिल्लांची खोकी पोचवणाऱ्या गाडीवर होता, वीस वर्षांचा, आणि गोड बोलायचा. तिला अठरा पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. त्याने सांगितलेलं सगळं तिने खरं धरलं. तिला स्वप्न आणि आश्वासन यांतला फरक करायची सवयच नव्हती. दिवस गेल्याचं तिने त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पाच मिनिटांत करतो. त्यानंतर तो नंबर बंदच लागला आणि गाडीवर दुसरा माणूस आला. त्याला इथे एवढीच जागा पुरे, खरं तर जास्तच झाली.

बाबांना सांगणं त्याहून अवघड होतं. बाबा वेताच्या खुर्च्या विणायचे, म्हणजे लोकांच्या तुटलेल्या बैठका काढून नव्या भरायचे. घरात कुठल्याही दिवशी वीस-बावीस खुर्च्या असत आणि बसायला एकही नसे. सगळ्यांना मधोमध भगदाड. आई ती सात वर्षांची असताना आजारात गेली होती. तेव्हापासून या भगदाडं पडलेल्या खुर्च्यांमधून बाप-लेक वाट काढत राहत होते आणि दोघांनाही बोलायची फार सवय नव्हती. तिने दारात उभं राहून सांगितलं, "बाबा, मला मूल होणार आहे. तो येणार नाही." बाबांनी मान वर केली नाही. हातातली पट्टी आडवी घातली, उभी काढली, पुन्हा आडवी घातली. तासाभराने उठून बघतात तर अख्खी बैठक उलटी विणलेली. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती सगळी उसवताना ते रडत होते आणि तिला वाटलं, आपण जमिनीत जावं. मग ते म्हणाले, "दवाखान्यात जायला हवं. कुठल्या वारी असतं ते?"

दवाखान्यात नर्सताई होत्या. चाळिशीच्या, केसांत दोन पेनं खोचलेल्या, एक सापडत नाही म्हणून दुसरं शोधणाऱ्या. त्यांनी तंद्रीचं वजन केलं, रक्त काढलं, दंडाला पट्टा बांधून प्रेशर पाहिलं आणि एक कार्ड भरलं. बाबा बाहेर बाकावर बसून बाकाची जोडणी तपासत होते.

"रक्त कमी आहे तुझं," नर्सताई म्हणाल्या. "हे बघ, तू अजून स्वतःच वाढतेयस. तुझं अंग आणि बाळाचं अंग एकाच ताटात जेवतात. ताटात कमी पडलं तर बाळ आपलं ओढून घेईल आणि उपाशी तू राहशील. म्हणून आधी तुझं पोट भरलं पाहिजे. कळलं का?"

"हो," तंद्री म्हणाली.

"लोहाच्या गोळ्या रोज. चहाबरोबर नाही, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. पाणी भरपूर. डाव्या कुशीवर झोपायचं. जड उचलायचं नाही, पण दिवसभर एका जागी उभंही राहायचं नाही. आणि आता हे सगळ्यात महत्त्वाचं, नीट ऐक..."

पण त्या क्षणी खिडकीतून एक उन्हाची तिरीप आत आली आणि तिच्यात धूळ तरंगायला लागली. एकेक कण वर जायचा, थबकायचा, दुसऱ्याला वाट द्यायचा. तंद्री त्या कणांबरोबर वर गेली. मागे कुठेतरी नर्सताईंचा आवाज येत होता, डोकं, डोळे, सूज, हालचाल, लगेच ये, वार बघू नकोस, वेळ बघू नकोस. ती परत खाली आली तेव्हा ताई म्हणत होत्या, "लक्षात राहील ना?" आणि ती म्हणाली, "हो ताई." खोटं बोलायचा तिचा हेतू नव्हता. मला काय राहिलं ते पुन्हा सांगा असं म्हणणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, बस.

हे सगळं एका माहितीपत्रकावरही छापलेलं होतं. ताईंनी ते आठवणीने दिलं. तंद्रीने ते कामावर नेलं, आणि त्या दिवशी खिडकीचा काळा कागद एका कोपऱ्यात फाटून उजेड आत येत होता म्हणून तिने ते चार घड्या घालून तिथे चिकटवलं. कागद जाड होता, काम चोख झालं.

बाकीचं तिने मनापासून केलं, तिच्या पद्धतीने. डाव्या कुशीवर झोपायचं हे तिला आठवत होतं, पण फिरवायचं नाही हे तिच्या बुद्धीला पटेना. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाई खोट्या बोलतील का? म्हणून ती दुपारी पडली की उशाशी गजर लावायची आणि वाजला की इकडची तिकडे व्हायची. पुढच्या भेटीत तिने हे नर्सताईंना सांगितलं तेव्हा ताईंना हसू आवरेना. "अगं, तू काय स्वतःला उबवतेयस का?" तंद्रीही हसली. पण खरं सांगायचं तर तिला तसंच वाटत होतं.

कारण आता तिला रोज एक जागेपणीचं स्वप्न पडायचं. अंधाऱ्या खोलीत अंडं दिव्यावर धरलं की ती आत पाहता पाहता स्वतःच्या आत पोचायची. तिथेही असेच लाल धागे असतील, असाच कोमट उजेड असेल, आणि मधोमध कुणीतरी अंगठा चोखत पोहत असेल. मुलगी असेल. तिला नाव असेल, आणि ते लोक पहिल्याच हाकेला वापरतील. ती पोटावर हात ठेवायची आणि आतून टुणकन लाथ यायची. नऊशे अंड्यांमधल्या नऊशे ठिपक्यांना ती मनातल्या मनात सांगायची, माझंही आहे बरं का. त्या महिन्यांत ती इतकी सुखी होती की तिला त्याची लाज वाटायची. असं झालेल्या मुलीने दुःखी असायला हवं, असं लोकांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

आणि सगळे काळजीही घेत होते. बाई रोज दोन उकडलेली अंडी समोर ठेवून म्हणायच्या, "खा, बाळासाठी." बाबा फळं कापून द्यायचे, "बाळासाठी घे." शेजारची बाई जिन्यात थांबवून सांगायची, हळू चाल, बाळाला हिसका बसेल. तिला कुणी वाईट बोललं नाही, पण तू कशी आहेस असंही कुणी विचारलं नाही. तिलाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही. हॅचरीत पिल्लं बाहेर आली की मोजली जातात, कोरडी केली जातात, उबेला ठेवली जातात. टरफलं पाटीत गोळा करून मागच्या खड्ड्यात टाकतात. टरफलाला दुखलं का, असं कुणी कधी विचारलंय?

आठवा महिना संपता संपता काजवे दिसायला लागले. पहिल्यांदा दिसले ते दिव्यापुढेच. अंडं बाजूला ठेवलं आणि अंधारात डोळ्यांच्या कडेला चार-पाच चंदेरी ठिणग्या वाहत गेल्या. ती मंत्रावल्यासारखी बघत राहिली. दुसऱ्या दिवशी जास्त आले. ते यायच्या आधी कपाळात एक ठणका उठे, पण तोही सवयीचा झाला. दिवसभर दिव्याकडे बघून डोळे दमणारच, डोकं धरणारच. पाय सुजले होते, ते उभं राहून. बोटं सुजली होती, ती कशानेतरी. सकाळी आरशात चेहरा गोल गरगरीत दिसायचा, तर बाबा खूश होऊन म्हणाले, "अंगी लागतंय हां आता." दवाखान्याचा वार आणि नऊशे अंड्यांचा वार एकच आला, म्हणून ती एकदा गेली नाही. मग दुसऱ्यांदाही गेली नाही. बाईंकडे सुट्टी मागितली असती तर बाईंनी तिला स्वतः नेऊन सोडलं असतं. तिने मागितली नाही. ती मूग गिळून आपल्या काजव्यांकडे बघत बसली.

आणि मग एके दिवशी पोटातलं शांत झालं.

सकाळी नेहमीची लाथ आली नाही. दुपारी आली नाही. संध्याकाळी तिने पोटावर हात ठेवला, तर आतून फक्त एक जडपणा. दुसऱ्या कुणी पोरीने घर डोक्यावर घेतलं असतं. तंद्रीच्या मनात मात्र हलकेच आनंद झाला. म्हणजे आला अठरावा दिवस! आता फिरवणं बंद. आता हात लावायचा नाही, फक्त थांबायचं. तिने त्या दिवशी गजर लावला नाही. खोलीच्या खिडक्या बंद केल्या, ओलावा जाऊ नये म्हणून. बादलीत गरम पाणी भरून पलंगाशेजारी ठेवलं, आणि निश्चल पडून राहिली. बाबांनी दारातून विचारलं, बरं वाटत नाही का? "बरंय बाबा," ती कुजबुजली, "दार लावून घ्या." इतक्या प्रेमाने, इतक्या नीटपणे एखादी चूक केलेली मी तरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. त्या दिवशी धाकट्या मशिनात पिल्लं निघायची होती. तीन दिवस बंद असलेल्या दारामागे टकटक सुरू झाली होती, आणि बाई कान लावून मशिनासमोर येरझारा घालत होत्या. अशा वेळी बाईंशी बोलायचं नाही, हाही एक नियम होता. तंद्री अंधाऱ्या खोलीत न जाता हॉलमध्ये स्टुलावर जाऊन बसली. पाय जुळवलेले, हात मांडीवर, मान जराही हलू न देता.

बाई दोनदा तिच्यासमोरून गेल्या. तिसऱ्यांदा थांबल्या.

"काय गं, समाधी लागली का?"

"हलत नाहीये बाई," ती हसून हळूच म्हणाली. "अठरावा दिवस झाला."

"कुणाचा अठरावा?"

तंद्रीने डोळ्यांनीच पोटाकडे खूण केली. "काल सकाळपासून शांत आहे. मी अजिबात त्रास दिला नाही. खिडक्यासुद्धा लावल्या."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या खाली बसल्या, दोन्ही हात तिच्या पोटावर ठेवले आणि मिनिटभर श्वास न घेता थांबल्या. मग त्यांचा आवाज निघाला, तो टायरवाल्यापर्यंत गेला. "अगं मूर्ख मुली! ते अंडं आहे का? पोटातलं मूल शेवटच्या घटकेपर्यंत लाथा मारतं! माझी तिन्ही मारत होती! ऊठ! ऊठ म्हणते ना!"

धाकट्या मशिनात सहाशे पिल्लं कवच फोडत होती. बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पिल्लांच्या गाडीत तिला बसवलं, स्वतः गाडी हाकली, आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला शिव्या घातल्या. तंद्री खिडकीतून बाहेर पाहत होती. रस्त्यावर ऊन होतं, माणसं भाजी निवडत होती, कुणी सायकलची साखळी बसवत होतं. तिला पहिल्यांदा भीती वाटली. ती थंड होती आणि पायांकडून वर आली. माझं स्वप्न मेलं का, असं तिला विचारायचं होतं, पण बाईंचा जबडा असा घट्ट आवळलेला होता की तिचा धीर झाला नाही.

रुग्णालयात तिच्या पोटावर थंडगार जेल लावून डॉक्टरबाईंनी यंत्र फिरवलं. नुसती खरखर. इकडे फिरवलं, खरखर. तिकडे फिरवलं. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग खरखरीच्या पलीकडून, फार लांबून, कुणी दमून जिना चढत असावं तसे ठोके ऐकू आले.

"आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण थकलंय. आता थांबता येणार नाही." त्यांनी भराभर विचारलं, हालचाल कधीपासून नाही, आणि उत्तर ऐकून त्यांचा आवाज चढला. "दीड दिवस? आणि आत्ता येताय? कुणी सांगितलं नव्हतं का हिला?"

तेव्हा बाई पुढे आल्या. ज्यांनी आयुष्यात चूक कबूल केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, त्या बाई. "मी शिकवलं होतं तिला," त्या म्हणाल्या. "शांत झालं की थांबायचं. माझंच ऐकलं पोरीने."

प्रेशर वाढलेलं निघालं. तिथल्या एका नर्सने विचारलं, डोकं दुखतं? डोळ्यांपुढे काही चमकतं? तंद्रीने मान हलवली, नाही. तिच्या हिशेबी ते दिव्याचं होतं, कामाचं होतं, आणि आता बाळाचं चाललं असताना आपलं काय मधेच सांगायचं? प्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्या. बाबा धावत आले, खांद्यावर वेताची पट्टी तशीच लोंबत होती. आणि तासाभरात, ऑपरेशन करून, दोन किलोला शंभर ग्रॅम कमी अशी एक मुलगी बाहेर आली. आधी निळसर होती, मग गुलाबी झाली, मग एवढी संतापून रडली की बाई म्हणाल्या, हिला माझ्याकडे कामाला ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात आनंदीआनंद होता. बाळाला उबेच्या पेटीत ठेवलं होतं आणि ती दूध पचवत होती. बाबा काचेतून तिच्याकडे बघून येत आणि दर वेळी नवी बातमी सांगत. आता जांभई दिली. आता मूठ उघडली. बाबांना इतकं बोलताना तिने आईच्या माघारी पाहिलं नव्हतं. बाई आल्या होत्या, सहाशेपैकी साडेचारशे पिल्लं जगली असं सांगून वर म्हणाल्या, "गेली तर गेली." पलंग खिडकीशी होता. पांढरी चादर, पांढरी भिंत, भर दुपारचं ऊन. आणि त्या पांढऱ्या भिंतीवर काजवे आले.

खूप आले. कपाळातला ठणका मानेपर्यंत उतरला होता आणि बरगड्यांखाली कुणीतरी मुठीने दाबत होतं. ती बघत राहिली. मग तिच्या सावकाश मनात एक विचार सावकाश वर आला: इथे तर दिवा नाही. इथे अंधार नाही. अंडी नाहीत. मग हे कुठून येतात?

नर्सताई तिला बघायला म्हणून तेवढ्यात दवाखान्यातून आल्या होत्या. त्यांनी आधी बाळाचं कौतुक केलं, बाबांचं केलं, बाईंच्या पायातल्या चिखलाने भरलेल्या बुटांवरून चेष्टा केली. मग निघता निघता तिच्याकडे वळल्या. "आणि तू कशी आहेस?"

"ती दूध पचवते," तंद्री म्हणाली.

"तिचं नाही विचारलं. तुझं विचारलं."

बाबा हसत होते. बाई हसत होत्या. सगळ्यांची काळजी नुकती उतरली होती आणि पुन्हा त्यांच्या खांद्यावर नवं ओझं टाकायचं तिच्या जिवावर आलं. बरंय म्हटलं असतं तर ताई गेल्या असत्या. ओठांवर तेच आलं होतं, आयुष्यभराच्या सवयीने. पण भिंतीवरून एक मोठी ठिणगी सरकत गेली आणि तिच्यामागची भिंत तेवढी दिसेनाशी झाली.

"ताई, मी बरी नाहीये," ती म्हणाली. "डोकं फुटतंय. डोळ्यांपुढे सगळं चमकतंय. काल विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं."

नर्सताईंच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, आणि मग पळत जाताना त्यांच्या केसांतलं पेन जमिनीवर घरंगळलं. पडदा ओढला गेला. हाताच्या शिरेतून एक गरम औषध वर चढत गेलं, अंग भाजल्यासारखं झालं, आवाज पाण्याखालून यावेत तसे येऊ लागले. पडद्याबाहेर डॉक्टरबाई बाबांना सांगत होत्या की हा प्रेशरचा आजार मूल झाल्यावरही लगेच जात नाही, तेव्हाही झटके येऊ शकतात, आणि अजून तासभर ती गप्प राहिली असती तर काय झालं असतं ते मी सांगत नाही. बाबा तिथेच फरशीवर बसले, आणि बाईंनी त्यांना उठवायचा प्रयत्न न करता स्वतःही शेजारी बसकण मारली.

ते औषध दीड दिवस चाललं. ते संपल्यावरच्या सकाळी ती जागी झाली तेव्हा भिंत नुसती भिंत होती, पांढरी, एका ठिकाणी पोपडा आलेली. नर्सताई शेजारी स्टुलावर बसून तिचं जुनं कार्ड बघत होत्या. दोन भेटींच्या रकान्यांत काहीच भरलेलं नव्हतं.

"कधीपासून दिसत होतं गं ते?" त्यांनी विचारलं.

"महिना झाला असेल."

"महिना!" ताईंचा आवाज चढला. "आणि एक शब्द बोलली नाहीस? बाबांना नाही, बाईंना नाही, मला नाही? का?"

तंद्रीने खरोखर विचार केला. तिला खरं उत्तर द्यायचं होतं.

"मला वाटलं, माझं काय सांगायचं," ती म्हणाली. मग, अपराध्यासारखी, "आणि ते फार सुंदर दिसायचं हो ताई."

नर्सताईंनी कार्ड बाजूला ठेवलं, तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत तिची नाडी मोजायला लागल्या.